विभागातला माणूस अचानक गेला, तर: सहकाऱ्यांनी काय करावे, कधी आणि कसे

महाविद्यालयाच्या विभागातले कुणी अचानक गेल्याची बातमी येते तेव्हा पहिली चूक बहुधा व्हॉट्सॲपवर होते. कुणीतरी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकतो, खाली चाळीस जण हात जोडतात, आणि पुण्यात नोकरीला असलेल्या मुलीला वडील गेल्याचे कुणाच्या तरी स्टेटसवरून कळते. म्हणून आधी घरच्यांपैकी एकाशी प्रत्यक्ष बोला. बाहेरगावची मुले, भावंडे, म्हातारे आईवडील यांना कळले आहे का ते विचारा. त्यानंतर विभागप्रमुखांनी किंवा प्राचार्यांनी एकच संदेश पाठवावा: नाव, निधनाची तारीख, आणि ‘अंत्ययात्रेची वेळ कळवू’. मृत्यूचे कारण लिहू नका. ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’ हे शब्द सवयीने हातातून उतरतात, पण अचानक मृत्यूचे कारण डॉक्टरांनी सांगायचे असते आणि कधी कधी ते शवविच्छेदनानंतरच कळते. आत्महत्येची शंका असेल तर तिथे कारणही नको, पद्धतही नको, तर्कही नको. विद्यार्थी ते ग्रुप वाचत असतात.

लगेच तीन माणसे नेमा. एक घरच्यांसोबत राहील आणि कागदपत्रे सांभाळेल. दुसऱ्याच्या फोनवर सगळ्या चौकश्या येतील. त्याचा नंबर संदेशात द्या, म्हणजे वहिनींचा किंवा मुलाचा फोन दिवसभर खणखणत राहणार नाही. तिसरा विभाग बघेल, म्हणजे वर्ग, विद्यार्थी आणि खोलीची किल्ली. हे तिघे घराच्या जवळचे असतील तर बरे; ज्येष्ठतेचा इथे काही उपयोग नाही.

दाखला, शवविच्छेदन, नेत्रदान

रुग्णालयात मृत्यू झाला तर कारणाचा दाखला तिथूनच मिळतो. घरी झाला आणि आधीपासून उपचार करणारे डॉक्टर असतील तर ते देतात. पण धडधाकट माणूस सकाळी उठलाच नाही, रस्त्यात कोसळला किंवा अपघात झाला, तर डॉक्टर दाखला द्यायला नकार देऊ शकतात आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. अशा वेळी पोलिसांना कळवावे लागते, पंचनामा होतो आणि शवविच्छेदनासाठी शासकीय रुग्णालयात, म्हणजे नागपुरात मेडिकलला किंवा मेयोला, न्यावे लागते. ‘ओळखीच्या डॉक्टरकडून दाखला काढून घेऊ, कशाला चिरफाड’ असे म्हणणारा एक तरी हितचिंतक उभा असतोच. त्याचे ऐकू नका. पुढे अपघात विम्याचा दावा अडतो तो नेमका इथे. मृताचे आधार कार्ड, ओळख पटवणारा नातेवाईक आणि शववाहिकेचा नंबर एवढे हाताशी ठेवा. देह कधी मिळेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून शवविच्छेदन असेल तर देह ताब्यात येईपर्यंत अंत्ययात्रेची वेळ जाहीर करू नका.

नेत्रदानाची इच्छा असेल तर सहा तासांच्या आत व्हायला हवे. नेत्रपेढीचे लोक येईपर्यंत पापण्या मिटून त्यावर ओल्या कापसाचे बोळे ठेवा, खोलीतला पंखा बंद करा आणि डोक्याखाली उशी देऊन डोके थोडे वर ठेवा. शवविच्छेदन होणार असले तरी नेत्रदान होऊ शकते. तिथल्या डॉक्टरांना मात्र आधीच सांगायला हवे. देहदानाचे तसे नाही. शवविच्छेदन झालेला देह शरीररचनाशास्त्र विभाग सहसा स्वीकारत नाही. आयुष्यभर देहदानाचा फॉर्म पाकिटात घेऊन फिरलेल्या माणसाच्या घरी हे समजावून सांगण्याची वेळ येते, तेव्हा ते घरच्यांना एकटे गाठून, हळू आवाजात सांगा.

घाटावर

नागपुरात घाट अनेक आहेत: अंबाझरी, मोक्षधाम, सहकारनगर, मानेवाडा, गंगाबाई. घराजवळचाच घाट असेल असे सगळे गृहीत धरतात आणि दहा-पंधरा माणसे भलत्याच घाटावर जाऊन थांबतात. संदेशात घराचा पत्ता, निघण्याची वेळ आणि घाटाचे नाव, तिन्ही लिहा. एप्रिल-मे मध्ये अंत्ययात्रा सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर ठेवण्याची विनंती घरच्यांना करता येते. पंचेचाळीस अंशांत डांबरी रस्त्यावरून चालताना ज्येष्ठ मंडळींना भोवळ येते. गाडीत पाण्याच्या बाटल्या आणि ओआरएसची पाकिटे असू द्या. मुले विमानाने येणार असतील आणि देह थंड ठेवणारी शवपेटी आणली असेल तर तिला स्वतंत्र सॉकेट द्या. मंडपाच्या दिव्यांच्या एक्स्टेन्शनवर ती लावली की रात्रीतून केव्हा बंद पडली ते कुणाला कळत नाही.

धर्मपरंपरा घरच्यांना विचारा, आडनावावरून ठरवू नका. बौद्ध कुटुंबात त्रिशरण-पंचशील होईल, पुढे जलदान विधी आणि पुण्यानुमोदन असेल. मुस्लिम सहकाऱ्याचा दफनविधी बहुतेक त्याच दिवशी होतो आणि जनाजाची नमाज ठरलेल्या वेळीच असते, त्यामुळे ‘उद्या सकाळी जाऊ’ म्हणणाऱ्याला काहीच मिळत नाही. ख्रिस्ती घरी आधी चर्चमध्ये प्रार्थना असते. कुणी कोणताही विधी नको असे लिहून ठेवले असेल, तर ते कागद घरच्यांच्या हातात द्या आणि बाजूला व्हा. नातेवाइकांशी त्यावरून वाद घालणे हे सहकाऱ्याचे काम नाही.

घाटावरची शोकसभा ही आपल्याकडची जुनी रीत. चितेला अग्नी दिल्यावर बाजूच्या शेडखाली लोक जमतात आणि चारपाच जण बोलतात. ही सभा पंधरा मिनिटांत संपली पाहिजे. पाच वक्ते, प्रत्येकी दोन मिनिटे: संस्थेचा एक, विभागाचा एक, एक विद्यार्थी, शेजारी किंवा मित्र एक, आणि मृताच्या कामाच्या क्षेत्रातला एक. नावे घाटावर पोचण्याआधी ठरवा. तिथे ‘आणखी कुणाला बोलायचे आहे का?’ असे विचारले की सभा चाळीस मिनिटांवर जाते आणि मुलगा ओल्या कपड्यांत उभा राहतो. शेवटचे दोन मिनिटांचे मौन घड्याळ बघून पाळा. अंदाजाने पाळलेले मौन बहुतेक वेळा चाळीस सेकंदांत उरकते.

घाटावर मिळालेली पावती घरच्यांच्या नव्हे, तुमच्या नेमलेल्या माणसाच्या फाइलमध्ये जाऊ द्या. त्या दिवशी घरात कागद ठेवला की तो हरवतो.

वर्तमानपत्रातली बातमी

निधनवार्ता संध्याकाळी साडेसहाच्या आत पोचवली तर दुसऱ्या दिवशी येण्याची शक्यता जास्त. मजकूर शंभर शब्दांच्या आत ठेवा, नाहीतर उपसंपादक कापतो आणि नेमकी घाटाची वेळ कापली जाते. साचा असा:

‘…… महाविद्यालयातील इतिहास विभागाच्या प्रमुख प्रा. डॉ. …… यांचे मंगळवारी निधन झाले. त्या ५४ वर्षांच्या होत्या. विदर्भातील गोंडकालीन शिलालेखांचे वाचन हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. त्यांच्या पश्चात पती, एक मुलगा, सासू आणि बराच मोठा विद्यार्थीवर्ग आहे. अंत्ययात्रा बुधवारी सकाळी ९ वाजता बजाजनगर येथील राहत्या घरून निघून अंबाझरी घाटावर अंत्यसंस्कार होतील.’

तिसरे वाक्य बघा. ‘विद्यार्थिप्रिय, मनमिळाऊ, अभ्यासू’ ही तीन विशेषणे कुणालाही चालतात. शिलालेखांचे ते एक वाक्य फक्त त्यांनाच चालते. वय, पदनाम, कुटुंबीयांची नावे घरच्या एका माणसाकडून वाचून घ्या. घटस्फोट, दुसरे लग्न, दत्तक मूल, विभक्त राहणारा भाऊ अशा ठिकाणी ‘पश्चात’ची यादी फार दुखावते. नावाआधी कै., कालकथित, पैगंबरवासी, ख्रिस्तवासी यांतले काय लावायचे हेही त्यांनाच विचारा. शंका असेल तर काहीच लावू नका, ‘प्रा.’ पुरे.

घरी भेटायला जाताना

पहिल्या तीन दिवसांत दहा मिनिटे बसा. ‘काल तर बोललो होतो हो, चांगले होते’ हे वाक्य त्या घरात दिवसभरात वीस वेळा म्हटले जाते. एकविसावे तुमचे नको. ‘कसे झाले?’ हेही विचारू नका, वहिनींना प्रत्येक वेळी ते पहिल्यापासून सांगावे लागते. त्यापेक्षा त्यांना घरी कदाचित माहीत नसलेली एखादी गोष्ट सांगा: सरांनी अमक्या विद्यार्थ्याची परीक्षा फी भरली होती, मॅडम दर शुक्रवारी प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईंच्या मुलीला गणित शिकवायच्या. घरच्यांना ऑफिसमधला माणूस फारसा माहीत नसतो. तुम्ही देऊ शकाल ते एवढेच, आणि तेच त्यांच्याकडे नंतर राहते.

जेवण न्यायचे तर शेजाऱ्यांना विचारून न्या, नाहीतर एकाच दिवशी चार घरून डबे येतात आणि चौथ्या दिवशी कुणीच नसते. वीस माणसांना मुगाची खिचडी करायची तर दीड किलो तांदूळ आणि पाऊण किलो डाळ पुरते, सोबत कढी आणि पापड. पाच लिटरच्या थर्मासमध्ये पन्नास छोटे कप चहा होतो, साखरेचा आणि बिनसाखरेचा वेगवेगळा. तेरवीपर्यंतचे दिवस वाटून घ्या, आणि तेरवीनंतरचे दोन आठवडे मुद्दाम मोकळे ठेवा. पाहुणे गेल्यावर घर रिकामे होते ते तेव्हा.

सभागृहातली शोकसभा

चौथ्या ते दहाव्या दिवसांमधली एखादी संध्याकाळ बरी. दहावा किंवा तेरवीचा दिवस टाळा, बाहेरगावची मुले परतायच्या आत घ्या. महाविद्यालयाचे सभागृह मिळाले तर तेच सर्वांत चांगले. विद्यार्थी आणि चतुर्थश्रेणी कर्मचारी तिथे संकोच न करता येतात. गर्दी मोठी असेल तर विद्यापीठाचे गुरुनानक भवन, शंकरनगरचे धनवटे सभागृह, लक्ष्मीनगरचे सायंटिफिक सभागृह यांची चौकशी करा. साठ-सत्तर माणसांसाठी सर्वोदय आश्रम किंवा विदर्भ साहित्य संघाचे अमेय दालन पुरते. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन चालू असेल तर सिव्हिल लाइन्स आणि झिरो माइलकडचे रस्ते मोर्चांमुळे बंद होतात, सीताबर्डीतली सभा अर्ध्या लोकांना गाठताच येत नाही.

एकूण वेळ पंचाहत्तर मिनिटे, त्याहून एक मिनिटही जास्त नाही. सात वक्ते, तीन-तीन मिनिटे. तीन मिनिटे म्हणजे लिहून काढले तर साधारण सव्वातीनशे शब्द. प्रत्येकाला वेगळा भाग वाटून द्या: संशोधन, वर्गातले शिकवणे, एखादे आंदोलन किंवा समितीतले काम, शेजार, विद्यार्थी. वाटून दिले नाही तर सातही जण ‘हसतमुख’ या एकाच शब्दाभोवती फिरतात. पुष्पगुच्छ देऊन स्वागत नको, मान्यवरांची ओळख नको, अध्यक्षीय समारोप नको. एखादे लोकप्रतिनिधी उशिरा येणार असा निरोप आला तर सभा वेळेवर सुरू करा. ते आल्यावर समोरच्या रांगेत बसतील आणि फोटोला फूल वाहतील, तेवढे पुरे. घरच्यांना बोलायला लावू नका. त्यांना इच्छा असेल तर शेवटी संधी ठेवा, आणि ऐनवेळी नको म्हणाले तर सूत्रसंचालकाने ते शब्दही न काढता पुढे जावे.

फोटोची गंमत नेहमीची आहे. व्हॉट्सॲपवरून आलेला पासपोर्ट फोटो १२ बाय १८ इंचात काढला की चेहरा धुरकट होतो. तेवढ्या आकाराला निदान १८०० बाय २७०० पिक्सेलचे चित्र लागते. घरून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा किंवा ईमेलवर घ्या. विभागाच्या सहलीतला, चॉकच्या धुळीतला किंवा परिसंवादातला फोटो सूट-टायमधल्यापेक्षा जास्त बोलतो, पण निवड घरच्यांची. समई, मेणबत्ती, पसायदान, बुद्धवंदना यांपैकी काय असेल तेही त्यांना आदल्या दिवशी विचारून घ्या.

शोकप्रस्ताव सभेतच वाचा आणि त्याच आठवड्यात विद्या परिषदेला, विभागाच्या अभ्यासमंडळाला व घरी पाठवा. नमुना:

‘…… विभागाची ही सभा प्रा. …… यांच्या निधनाबद्दल शोक व्यक्त करते. २००३ पासून त्यांनी या विभागात अध्यापन केले. पदव्युत्तर अभ्यासक्रमातील क्षेत्रकार्याची पद्धत त्यांनी आखली व ती आजही चालू आहे. त्यांच्या मार्गदर्शनाखालील संशोधकांचे काम खंडित होऊ न देण्याची जबाबदारी हा विभाग स्वीकारतो. …… कुटुंबीयांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.’

यातले चौथे वाक्य वाचायला सोपे आहे. खाली लिहिले आहे ते केले नाही तर तो कागद खोटा ठरतो. शोकसभा चांगली झाली नाही तर कुणाचे काही बिघडत नाही, पण अर्धवट राहिलेल्या कामांनी विद्यार्थ्यांची वर्षे जातात. म्हणून स्मारकाची समिती नंतर बसवा. ही यादी आधी.

टेबलावर राहिलेले काम

दुसऱ्याच दिवशी खोलीला कुलूप लावून किल्ली कार्यालयात जमा करा. उघडायची ती दोघांनी मिळून, घरच्यांच्या संमतीने, आणि काय बाहेर काढले ते वहीत लिहून. सर्वांत आधी परीक्षेचे बघा. प्रश्नपत्रिकेचे सीलबंद पाकीट किंवा तपासायला आलेल्या उत्तरपत्रिका मिळाल्या तर पाकीट उघडू नका, गठ्ठा सोडू नका. प्राचार्यांमार्फत परीक्षा विभागाला पत्र देऊन पोच घ्या. अंतर्गत गुणांची वही सापडत नसेल तर विद्यार्थ्यांकडे असलेले तपासलेले गृहपाठ आणि चाचण्या गोळा करून गुण पुन्हा बसवा, आणि त्यावर दोन शिक्षकांच्या सह्या असू द्या.

पीएचडीचे विद्यार्थी सगळ्यात जास्त अडकतात. प्रगती अहवालावर सही कुणाची, फेलोशिपच्या बिलावर सही कुणाची, प्रबंध टंकलिखित आहे पण मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र नाही. विभागप्रमुखांनी आठवड्याच्या आत पीएचडी कक्षाला मृत्यूची माहिती द्यावी आणि तोपर्यंतच्या बिलांवर प्रमुखांची सही चालेल का ते लेखी विचारावे. तोंडी ‘चालेल’ म्हटलेले पुढे कुणाला आठवत नाही. मग नवा मार्गदर्शक शोधायचा. इथे एक ठेच नेहमी लागते. भावनेच्या भरात सर्वांत ज्येष्ठ मित्र म्हणतात, ‘सगळे विद्यार्थी मी घेतो.’ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (युजीसी) २०२२ च्या नियमावलीनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना नवीन संशोधक घेता येत नाहीत. म्हणजे ज्येष्ठ मित्र बहुतेक वेळा नियमातच बसत नाहीत. आधी प्रत्येकाकडे किती जागा रिकाम्या आहेत त्याचा तक्ता करा, विषय जुळवा, विद्यार्थ्याला विचारा, आणि सगळे अर्ज एकत्र संशोधन व मान्यता समितीपुढे न्या. एकेक अर्ज वेगळा गेला की एक बैठक चुकते आणि सहा महिने जातात. नव्या मार्गदर्शकाने विषय बदलायला लावू नये. प्रबंधाचा आराखडा मंजूर आहे, काम झाले आहे, उरलेल्यावर मार्ग दाखवावा. आणि प्रस्तावनेत मूळ मार्गदर्शकाने काय शिकवले ते नेमके लिहिले जाईल हे बघावे.

सहलेखनातले शोधनिबंध दुसरा गुंता. नियतकालिकाकडे गेलेल्या निबंधाचे पत्रव्यवहार करणारे लेखक तेच असतील तर सहलेखकांनी संपादकांना लगेच ईमेल करून नवे नाव कळवावे, नाहीतर परीक्षकांचे अभिप्राय मृताच्या इनबॉक्समध्ये पडून राहतात आणि मुदत संपते. मृताचे नाव लेखकांत तसेच राहते. नावापुढे खूण करून तळटीपेत निधनाची तारीख दिली जाते. त्यांनी पाहिलेली शेवटची आवृत्ती जपून ठेवा, कारण निष्कर्ष बदलायचे झाले तर त्यांची संमती आता मिळणार नाही. उलट, अजिबात हात न लावलेल्या निबंधावर ‘श्रद्धांजली म्हणून’ त्यांचे नाव घालणे चूक. ऋणनिर्देशात लिहा.

लॅपटॉप संस्थेचा असेल तर संस्थेकडे, स्वतःचा असेल तर घरच्यांकडे. कोणताही असो, फॉरमॅट करण्याआधी पूर्ण प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. मोबाइलचे सिम बंद करू नका, हे घरच्यांना पहिल्या आठवड्यातच सांगा. बँक, ईमेल, आधार सगळ्यांचे ओटीपी त्यावर येतात आणि रिचार्ज संपून नंबर दुसऱ्याला गेला की महिनोन्‌महिने खेटे घालावे लागतात. गूगल कुणालाही पासवर्ड देत नाही, मृताच्या खात्याबद्दल वेगळा अर्ज करावा लागतो.

पुस्तकांची छाननी सावकाश करा. ग्रंथालयाचा शिक्का आणि दाखल क्रमांक असलेली आधी परत द्या, नाहीतर थकबाकीत त्यांची किंमत लागते आणि ‘ना देय’ प्रमाणपत्र अडते. उरलेल्यांत पानापानांवर टिपा असतील ती, हस्तलिखिते, क्षेत्रकार्यातल्या मुलाखतींच्या कॅसेट आणि मेमरी कार्ड वेगळी काढा. ही सगळी रद्दीत जाण्याचा खरा धोका पावसाळ्यात असतो: खोली बंद, भिंतीला ओल, महिनाभरात कसर. खोक्यांऐवजी लोखंडी कपाटात, जमिनीपासून वर ठेवा. टिपा किंवा अप्रकाशित लेखन छापायचे तर वारसांची लेखी परवानगी घ्या. मृत्यूनंतर प्रथमच छापलेल्या लेखनावर प्रकाशनानंतर साठ वर्षे वारसांचा हक्क असतो.

घरच्यांची कागदपत्रे

मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, आणि ती मृत्यू जिथे झाला तिथल्या कार्यालयात. माणूस राहायला मनीषनगरात होता की नाही याला अर्थ नाही. रुग्णालयातली नोंद रुग्णालय पाठवते. शहरातल्या घरी झालेल्या मृत्यूसाठी महापालिकेच्या झोन कार्यालयात जावे लागते. नाव सेवापुस्तिकेत, पॅनवर आणि आधारवर जसे आहे तसेच लिहून घ्या. लग्नाआधीचे नाव, मधले नाव, एखादी वेलांटी यांवरून कुटुंबनिवृत्तिवेतनाचा प्रस्ताव उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातून परत येतो. दाखल्याच्या दहा प्रती काढा. कार्यालयाने सेवापुस्तिका, नामनिर्देशनाचे फॉर्म, रजेचा हिशेब, भविष्यनिर्वाह निधी किंवा एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना) यांची एक फाइल करून एका लिपिकाकडे सोपवावी आणि त्याचे नाव घरी कळवावे.

घाटावर ‘मुलाला कॉलेजमध्ये लावून घेऊ’ असे आश्वासन कुणी देऊ नये. राज्य शासनात अनुकंपा नियुक्ती गट क आणि गट ड पदांवर होते, तीही पात्रता, यादी आणि रिक्त जागा बघून. त्या एका वाक्यावर विसंबून मुले वर्षभर दुसरी नोकरी शोधत नाहीत.

विद्यार्थी आणि विभाग

वेळापत्रकातून नाव त्याच दिवशी खोडू नका, पण तास रिकामाही सोडू नका. पहिला तास विभागातल्या सर्वांत शांत शिक्षकाने घ्यावा: पाच मिनिटे नीट बोलावे, कुणाला बोलायचे असेल तर ऐकावे, मग जिथे धडा थांबला होता तिथून पुढे शिकवावे. महाविद्यालयाला सुटी दिली की मुले कँटीनवर जातात आणि अफवा वाढतात. एखादा विद्यार्थी दोन-तीन आठवड्यांनंतरही झोपत नसेल, खात नसेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल तर ‘वेळ जाऊ दे’ म्हणू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते. आणि विभागातल्या शिपाई काकांना, प्रयोगशाळेतल्या ताईंना विसरू नका. वीस वर्षे रोज चहा देणाऱ्या माणसाला शोकसभेत खुर्ची मागच्या रांगेत मिळते.

स्मृतीसाठी निधी

सहा महिने थांबा. पहिल्या महिन्यात जमवलेल्या पैशातून घाईने फलक, बाक किंवा झाड होते आणि उरलेली रक्कम कुणाच्या तरी बचत खात्यात पडून राहते. खाजगी खात्यावर वर्गणी कधीच घेऊ नका. नोंदणीकृत न्यासाच्या किंवा संस्थेच्या खात्यावर घ्या, प्रत्येकाला पावती द्या. दोन हजारांवरच्या रोख देणगीला प्राप्तिकरातली सवलत मिळत नाही हे आधीच सांगा.

सुवर्णपदकाचा मोह सगळ्यांना होतो, कारण विद्यापीठाच्या दीक्षांत समारंभात नाव वाचले जाते. हिशेब मात्र करून बघा. एक लाखाच्या ठेवीवर सात टक्क्यांनी वर्षाला सात हजार व्याज. सोन्याचा भाव वाढत जातो, व्याज वाढत नाही, आणि काही वर्षांत पदक मुलाम्याचे होते. त्याच पैशात एखाद्या संशोधकाला क्षेत्रकार्याचा प्रवासखर्च किंवा एखाद्या मुलीची परीक्षा फी देता येते आणि ती दरवर्षी पुरते. स्मृतिव्याख्यान ठेवायचे तर वक्त्याचा रेल्वे-विमान प्रवास, मुक्काम, मानधन, ध्वनिक्षेपक, पत्रिका हे सगळे धरून व्याजातून भागेल एवढी ठेव आधी जमवा. पाच लाखांखाली सुरू केलेले व्याख्यान तिसऱ्या वर्षी वर्गणीवर येते. प्रत्येक व्याज पूर्ण खर्च करू नका, पंधरा-वीस टक्के मुद्दलात टाका.

स्मृतिग्रंथ काढायचा तर डेमी आकाराची १६० पाने, म्हणजे सोळा पानी दहा फर्मे, आणि तीनशे प्रती पुरतात. आठवणींचे लेख आठशे शब्दांत बसवा, एकूण पंधरा. बाकीची जागा त्यांच्या स्वतःच्या विखुरलेल्या लेखनाला द्या आणि शेवटी त्यांच्या सर्व प्रकाशनांची तारीखवार सूची जोडा. आयएसबीएन क्रमांक विनामूल्य मिळतो. लेख मागताना शेवटची तारीख सांगा आणि प्रत्यक्ष छपाईची तारीख त्यानंतर दोन महिन्यांनी धरा. सगळ्यात जवळच्या मित्राचा लेख सगळ्यात शेवटी येतो. प्रकाशन पहिल्या पुण्यतिथीला जमले तर उत्तम, पण मुद्रितशोधन अर्धवट टाकून नको. ती तारीख मे महिन्यात येत असेल तर विद्यार्थी गावी असतात. कार्यक्रम जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात, नवे वर्ग सुरू झाल्यावर ठेवा.